देवबागला १२ खोल्या वाढवायच्या आहेत: हॉटेल सल्लागार घ्यावा का?

माडाखाली
नमस्कार मंडळी. मालवणजवळ देवबागला आमचं घरगुती निवास आहे. पाच खोल्या. बाबा आणि दादा बघतात, स्वयंपाकघर वहिनीच्या ताब्यात. मी पुण्यात नोकरी करतो, बुकिंगचे फोन आणि हिशेब माझ्याकडे.

मे महिन्यात आणि नाताळात इतके फोन नाकारावे लागतात की दादाच्या डोक्यात मागच्या वाडीत अजून १२ खोल्या आणि एक पोहण्याचा तलाव बसलाय. कर्ज काढून. कुणाच्या तरी ओळखीने मुंबईचे एक हॉटेल सल्लागार येऊन गेले. माणूस बोलायला छान. त्यांचा प्रस्ताव असा: व्यवहार्यता अहवालाचे साडेतीन लाख, आराखड्यापासून उद्घाटनापर्यंतच्या कामाचे सहा लाख, आणि सुरू झाल्यावर वर्षभर महिना ४० हजार. वर जीएसटी. अहवालाचे निम्मे पैसे आगाऊ.

इथे हॉटेल लाइनमधले बरेच जण आहेत म्हणून विचारतो. हे लोक नेमकं काय करतात? आमच्याएवढ्या धंद्याला त्यांची गरज असते का?

बांगडा_फ्राय
अरे देवा. माझ्या मावसभावाने तारकर्लीच्या बाजूला असाच अहवाल करून घेतला होता. स्पायरल बाइंडिंग, रंगीत फोटो, शंभरेक पानं. त्यात बाराही महिने ६० टक्के खोल्या भरलेल्या दाखवल्या होत्या. जुलैत! जुलैत तारकर्लीत कुत्रं भिजायला बाहेर पडत नाय. आणि तुलनेसाठी घेतलेली हॉटेलं सगळी कळंगुटची. तेवढ्या पैशात वहिनीला एक मोठा डीप फ्रीझर घेऊन द्या, दुवा देईल.

रूम_सर्व्हिस
मी याच धंद्यातला. दादरच्या कॅटरिंग कॉलेजातून बाहेर पडून बरीच वर्षं मोठ्या हॉटेलांत काढली, आता लहान मालकांना सल्ला देतो. त्यामुळे माझं बोलणं थोडं तावूनसुलाखून घ्या.

‘हॉटेल सल्लागार’ या एका पाटीखाली चार निरनिराळी दुकानं चालतात. जागा आणि बाजार बघून हॉटेल चालेल का हे सांगणारे वेगळे. मालकाला ब्रँड मिळवून देणारे, करारातल्या अटींवर घासाघीस करणारे वेगळे. बांधकाम सुरू असताना स्वयंपाकघराची मांडणी, माणसं, कामाच्या पद्धती लावून देणारे तिसरे. आणि चालू हॉटेलात येऊन दर, खर्च, तक्रारी, चोऱ्या बघणारे चौथे. चारही कामं एकच माणूस तितकीच चांगली करतो असं मी तरी क्वचित पाहिलंय. तुमच्या प्रस्तावात एकाने तीन कामं बांधून घेतलीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जो माणूस ‘बांधावं का’ याचं उत्तर देणार, त्यालाच बांधकामाचे सहा लाख मिळणार आहेत. मग उत्तर काय येईल?

पण आधी आकडे सांगा. वर्षभरात किती रात्री विकल्या, सरासरी दर काय, पाचही खोल्या भरलेल्या रात्री किती. एवढ्यावर अर्धा अहवाल इथेच होईल.

पणजीकर_तात्या
वरच्यांशी सहमत. ब्रँडचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण पुढे कोणीतरी तेही गळ्यात घालेल. गोव्यात मी ज्या हॉटेलांत होतो तिथे इमारत मालकाची, नाव आणि माणसं कंपनीची. कंपनी एकूण विक्रीवर दोन-तीन टक्के मूळ फी घेते आणि चालवण्याच्या नफ्यावर आणखी वाटा. म्हणजे हॉटेल तोट्यात असलं तरी मूळ फी सुटत नाही. बँकेचा हप्ता मालकाच्या बोडक्यावर. ही गणितं शंभर-दीडशे खोल्यांना जमतात, १७ खोल्यांना नाही.

आणि सल्लागारांत निवृत्त जनरल मॅनेजर फार. त्यांच्या हाताखाली तीन शिफ्ट, स्वतंत्र लाँड्री, खरेदी विभाग असायचा. तुमच्याकडे दादा एकटाच, तोच सकाळी मासळी आणतो, तोच कुडाळ स्टेशनवर गाडी घेऊन जातो. त्या साहेबांना हे कळेपर्यंत सीझन संपलेला असेल.

माडाखाली
>> वर्षभरात किती रात्री विकल्या

वह्या काढून बसलो. गेल्या आर्थिक वर्षात सुमारे ६२० खोली-रात्री. सरासरी दर २२००. पाचही खोल्या भरलेल्या रात्री साधारण ७०: मे, दिवाळीनंतरचा आठवडा, नाताळ ते एक तारीख, आणि लागून आलेल्या सुट्ट्या. जून ते ऑगस्ट जवळपास शून्य. जेवणाचे वेगळे साडेपाच-सहा लाख. साधारण निम्मी बुकिंग साइटवरून येतात, त्यांचं कमिशन २० टक्क्यांच्या आसपास जातं.

लेजर_किर्द
मी सीए. फक्त आकडे मांडतो. त्यांची फी ३.५ लाख, अधिक ६ लाख, अधिक ४.८ लाख, म्हणजे १४ लाख ३० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी २ लाख ५७ हजार ४००. बेरीज १६ लाख ८७ हजार ४००. आणि तुमच्या खोल्यांचं वर्षाचं उत्पन्न ६२० गुणिले २२००, म्हणजे १३ लाख ६४ हजार. सल्ल्याची किंमत खोल्यांच्या वर्षभराच्या गल्ल्यापेक्षा जास्त!

त्यातला जीएसटी परत मिळेल असं कोणी सांगितलं असेल तर विसरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर कर १२ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेला जीएसटी वजा करून घ्यायची सोय) काढून घेतलं. गिऱ्हाईक खूश, मालकाच्या खर्चावरचा कर मात्र मालकाच्याच खिशातून. बांधकामावरचं क्रेडिट तर तसंही मिळत नव्हतं.

आणखी एक. खोल्या आणि जेवण मिळून तुम्ही २० लाखांच्या उंबरठ्यावर आहात. आत्ता नोंदणीची सक्ती नाही, साइटवरून आलेल्या मुक्कामांवरचा कर साइटच भरते. १२ खोल्या वाढल्या की नोंदणी, रिटर्न, सगळं मागे लागेल. त्याचा खर्च कुठल्याच रंगीत अहवालात नसतो.

रूम_सर्व्हिस
आकडे दिलेत ते बरं झालं. बरेच मालक ‘सीझनला तुफान असतं’ एवढंच सांगतात.

पाच खोल्यांच्या वर्षाला १८२५ खोली-रात्री होतात. विकल्या ६२०, म्हणजे ३४ टक्के. १३.६४ लाखांना १८२५ ने भागलं की ७४७ रुपये येतात. भरलेली असो, रिकामी असो, तुमची प्रत्येक खोली रात्रीला सरासरी ७४७ कमावते. धंद्यात याला रेव्हपार म्हणतात आणि नव्या खोलीचा विचार नेहमी याच आकड्यावर करायचा. २२०० वर केलात की फसलात.

आता १२ खोल्या. तुम्ही गिऱ्हाईक नाकारता ते ७० रात्री. बाकीच्या जवळपास ३०० रात्री आहेत त्याच पाच खोल्या भरत नाहीत, तिथे सतराव्या खोलीला कोण येणार? समजा त्या ७० रात्री सगळ्या १२ खोल्या गेल्या, जे होणार नाही. १२ गुणिले ७० गुणिले २२००, म्हणजे १८ लाख ४८ हजार. हे छप्पर. खर्चाचं म्हणाल तर साधी पण नीट खोली फर्निचर-संडासासकट १२ लाखांची धरू, तलाव सोडून १ कोटी ४४ लाख. १० टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज १४ लाख ४० हजार. उरलेल्या चारेक लाखांत कमिशन, वीज, जवळपास दहा महिने रिकाम्या खोल्यांची देखभाल, दोन-तीन माणसांचे पगार. मुद्दल कशातून फेडणार?

उलट बाजू बघा. त्याच ७० रात्री आहेत त्याच पाच खोल्यांचा दर २२०० ऐवजी ३००० केला तर ३५० खोली-रात्रींवर ८०० रुपये, म्हणजे २ लाख ८० हजार. एक वीट न लावता. २९ डिसेंबरला आणि ९ फेब्रुवारीच्या सोमवारी एकच दर असेल तर तो आधी मोडा.

सातपूर_नाका
माडाखाली, हे आमच्या नाशिकलाही जोरात चालू आहे. २०२७च्या सिंहस्थासाठी लोक त्र्यंबक रस्त्याला खोल्यांवर खोल्या चढवतायत. सिंहस्थ १२ वर्षांनी, हप्ता दर महिन्याला. एका सल्लागाराने माझ्या सासऱ्यांना सरळ सांगितलं की शाही स्नानाच्या गर्दीवरून हॉटेलचं माप काढू नका, मधल्या साध्या बुधवारी कोण येतं ते मोजा. त्यांनी मजला चढवला नाही, आहे त्या जागेत तंबू टाकायचे परवाने बघतायत. त्या सल्ल्याचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. तेव्हा सगळेच सल्लागार चोर नसतात, बांगडासाहेब.

बांगडा_फ्राय
चोर म्हटलं नाय हो. जुलैत ६० टक्के म्हटलं.

खारा_वारा
तुम्ही सगळे पैशांवर बोलताय, जागेवर कोणीच नाही. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये चिंचोळी पट्टी. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंध, समुद्राकडून लागतं तसं खाडीकडूनही लागतं. मागची वाडी कुठल्या रेषेत येते हे आधी अधिकृत संस्थेकडून नकाशावर आखून घ्या. परवानगीचा मार्ग किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून जातो, ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नाही. ‘शेजाऱ्याने बांधलंच ना’ हा आमच्या किनाऱ्यावरचा सगळ्यात महागडा युक्तिवाद आहे. नोटीस आल्यावर शेजारी ओळख दाखवत नाही.

पावसाळ्यात समुद्र देवबागचा किनारा किती खातो हे तुमच्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आणि तलावाला पाणी कुठून आणणार? मे महिन्यात विहिरी मचूळ होतात, तेव्हाच तुमची गर्दी. टँकरने तलाव भरायचा म्हणजे कमालच.

ज्या सल्लागाराने सीआरझेडचा शब्द न काढता १२ खोल्यांचा भाव सांगितला, त्याला मी तरी चहाच्या पुढे काही दिलं नसतं.

हर्णै_बंदर
मी दापोलीकडे निवास चालवते, आठ खोल्या. एका सीझनसाठी आम्ही सल्लागार बाई नेमल्या होत्या, अहवाल वगैरे नाही, भेटीमागे पैसे. त्या पहिल्यांदा आल्या आणि ऑफिसात बसल्याच नाहीत. सकाळी साडेपाचला स्वयंपाकघरात, दुपारी खोली आवरताना मुलींच्या मागे, रात्री ताटं परत येताना मोरीपाशी. ताटात काय उरतंय ते बघत होत्या.

उरत होती सोलकढी आणि दुसरी भाजी. दुसरी भाजी बंद केली, कुणी विचारलंसुद्धा नाही.

मोठा फरक पडला तो मासळीच्या हिशेबाने. आम्ही सुरमई थाळीचा दर वर्षभर एकच ठेवायचो, पर्यटकाला बरं वाटावं म्हणून. बाईंनी महिनाभर लिलावाचा भाव, आणलेल्या माशाचं वजन, साफ केल्यावर निघालेले तुकडे असं लिहून ठेवायला लावलं. डोकं, शेपूट, कल्ले जाऊन काय उरतं ते कळल्यावर घामच फुटला. काही दिवस थाळी घरच्या पैशाने खाऊ घालत होतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, तेव्हा तर विचारूच नका. आता फळ्यावर फक्त ‘सुरमई: आजच्या भावाने’ आणि बांगडा, मांदेली, कोळंबी ठरलेल्या दरात. लोक बिनतक्रार खातात.

चादरींचंही तसंच. प्रत्येक पलंगाला तीन संच: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. आधी आमच्याकडे कधी दीड असायचा कधी पाच, आणि पावसात वाळत नाहीत म्हणून पाहुणे ताटकळायचे.

या सगळ्याला मिळून एका चांगल्या फ्रीजएवढे पैसे गेले. माडाखाली, वहिनींना विचारा त्यांच्याकडे थाळीचा खर्च लिहिलेला आहे का. नसेल तर सल्लागार तिथे आणा, वाडीत नको.

रात्रपाळी
दुबईत एका हॉटेलच्या रेव्हेन्यू विभागात आहे, माहेर कणकवलीचं. हर्णैताईंचं वाचून मजा आली. आमच्याकडे हेच काम करायला वेगळा माणूस बसतो आणि त्याला केबिन असते.

साइटच्या कमिशनबद्दल. तुमची साधारण ३१० खोली-रात्री तिकडून, गुणिले २२००, म्हणजे ६ लाख ८२ हजार; त्याचे २० टक्के १ लाख ३६ हजार. यातला एक तृतीयांश जरी थेट आला तरी वर्षाला ४५ हजार वाचले. पण साइटवरून बाहेर पडू नका. नवा पाहुणा तिथेच शोधतो, मग गूगलवर तुमचं नाव टाकून फोन करतो. तो फोन कोण उचलतं आणि दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो-दर जातात का, सगळं तिथे ठरतं. एकदा येऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा साइटवरून आला तर मात्र तो तुमचा आळस.

‘आमच्यापेक्षा स्वस्त कुठेच विकायचं नाही’ ही साइटची अट पूर्वी मालक निमूट मानायचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाखांचा दंड लावला आणि दर व खोल्यांच्या बरोबरीच्या अशा अटी करारांतून काढायला सांगितलं. तुमचा करार कुठल्या साली केला ते बघा, जुना असेल तर नीट वाचा.

माडाखाली
हे सगळं रात्री दादाला वाचून दाखवलं. ७४७ वर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पण बँक डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) मागते, तो तर करावाच लागेल.’ डीपीआर आणि हा अहवाल एकच ना?

लेजर_किर्द
नाही. कर्ज मिळावं म्हणून लिहितात तो डीपीआर. कर्ज काढावं का हे कळावं म्हणून करतात ती व्यवहार्यता. डीपीआर बहुतेक सीए करून देतात, मीही करतो, आणि त्यात आकडे कधी खाली जात नाहीत. बँकेलाही ते माहीत असतं, म्हणून ती तारण मागते. तारण काय देणार? वाडीच ना?

लहान कर्जात भागत असेल तर राज्याचं २०२३चं ‘आई’ धोरण बघा. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज साडेचार लाखांच्या मर्यादेत सरकार परत देतं. अट अशी की मालकी आणि कारभार खरोखर बाईच्या हातात हवा. तुमच्या पोस्टी वाचून तरी वाटतं की तो आहेच, फक्त कागदावर नाही. पर्यटन संचालनालयात चौकशी करा.

हर्णै_बंदर
लेजरकाका, हे बरं सुचवलंत. माडाखाली, वहिनींच्या नावावर करायचं तर सही घेण्यापुरतं नको, बँकेचं पासबुकही त्यांच्याच हातात द्या.

रूम_सर्व्हिस
१५ लाखांत काय करता येईल ते मी सुचवतो. आहेत त्या पाच खोल्यांचे संडास-बाथरूम नवे, गरम पाण्याची नीट सोय, पावसात वीज गेल्यावर पंखा चालेल एवढा इन्व्हर्टर. उरलेल्यात जेवणघराला बाजूने बंद होणारी पडवी. पावसाळ्यातल्या पाहुण्याला समुद्रात उतरता येत नाही. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद. मग तो दिवसभर करणार काय? तर बसणार, खाणार, पाऊस बघणार. त्याला कोरडी जागा द्या. जूनमधल्या शून्याचे २० टक्के झाले तरी पाच खोल्यांच्या महिना ३० रात्री होतात.

हिशेबाची वहीही दोन भागांत करा. न्यूयॉर्कच्या हॉटेलवाल्यांनी १९२६ मध्ये हिशेबाची एकसारखी पद्धत छापली, आजही मोठी हॉटेलं त्याच वळणावर चालतात: खोल्यांचं खातं वेगळं, जेवणाचं वेगळं. तुमचा गॅस, वहिनींची मजुरी, मासळी हे सगळं खोल्यांच्या पैशात मिसळलं असेल तर जेवणावर कमावताय की गमावताय हे कुणालाच कळणार नाही.

सल्लागार घेतलातच तर भेटीमागे घ्या आणि करारात तीन गोष्टी लिहून घ्या. प्रत्यक्ष कोण येणार, बोलणारे साहेब की नुकताच पास झालेला पोरगा. दुसरी, प्रत्येक भेटीनंतर हातात काय मिळणार. तिसरी लोकांना लाजेमुळे विचारता येत नाही: भांडी, फर्निचर, लिनन, सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून एक रुपयाही घेणार नाही. आमच्या धंद्यात फीपेक्षा त्या बाजूने जास्त कमावणारे आहेत. स्वयंपाकघरात गरज नसताना कॉम्बी ओव्हन (वाफ आणि गरम हवा दोन्हींवर शिजवणारी मोठी भट्टी) दिसला की समजावं. आणि मला व्यक्तिगत निरोप पाठवू नका, या धाग्यातून मी काम घेणार नाही.

पणजीकर_तात्या
कॉम्बी ओव्हन! आमच्या ओळखीच्या एका शॅकवाल्याकडे अजून आहे. त्यात तो पाव ठेवतो.

माडाखाली
तर ठरलं ते असं. मुंबईच्या सल्लागारांना नम्रपणे नकार कळवला. वाडीची सीआरझेड आखणी करून घेतोय, बांधायचं नसलं तरी कळलेलं बरं. ‘आई’च्या चौकशीला वहिनी स्वतः जाणार आहे. थाळीच्या खर्चाची वही तिने सुरू केली आणि पहिल्याच आठवड्यात दादाला सांगितलं की तिसऱ्यांदा मोफत भात-आमटी वाढायची नाही. बाबांना तलाव अजून हवाच आहे. ते म्हणतात नातवंडं पोहतील. समोर अरबी समुद्र आहे हे त्यांना कोण सांगणार.

बांगडा_फ्राय
झालं तर मग. २८ डिसेंबरला दोन रात्री दोन खोल्या मिळतील? जुन्या दराने, धाग्यावरची ओळख म्हणून.

माडाखाली
२४ ते १ दर ३२००, किमान तीन रात्री, निम्मे आगाऊ. ओळख म्हणून सोलकढी जास्त देऊ.

रात्रपाळी
दर बरोबर, पण सरसकट तीन रात्रींची अट नको. २४ ते २७ एक गट गेला आणि पुढचा २९ला आला की मधल्या दोन रात्री तीनची अट लावल्यामुळेच रिकाम्या राहतात. ३० आणि ३१ला येणाऱ्यांना तीन ठेवा, बाकीच्यांना दोन, आणि अशी भोकं पडलीच तर आठवडा आधी तेवढ्याच रात्रींची अट काढून टाका. बांगडासाहेबांची २८-२९ असंच एखादं भोक भरत असेल तर द्या. दर मात्र ३२००च.